त्वचेची शाकारणी

रात्रीचे दोन वाजून गेल्यावर, घरातील शेवटचा दिवाही मालवलेला असताना, भिंतीपलीकडून एक बारीक, कोरडा, एकसुरी आवाज येऊ लागे. कपाटातील जुने कागद उंदीर कुरतडीत असावा असा तो आवाज होता, आणि पहिल्या दोन-तीन रात्री मी तसेच समजून चाललो. चौथ्या रात्री उठून पाहिले तो माझा सहा वर्षांचा पुतण्या अर्धवट झोपेत, डोळे मिटलेले, गुडघे पोटाशी घेतलेले, अशा स्थितीत उजव्या हाताच्या नखांनी डाव्या कोपराची घडी खाजवीत होता, आणि उशाशी बसलेल्या वहिनी त्याचा हात धरून ठेवण्याचा निष्फळ यत्न करीत होत्या. "भाऊजी, हात धरला की रडतो, सोडला की रक्त काढतो," एवढेच त्या म्हणाल्या. सकाळी चादर झाडताना तांबूस ठिपके आणि गव्हाच्या कोंड्यासारखा कातडीचा भुगा खाली पडे, तो त्या कोणी पाहण्यापूर्वी केरात सारून टाकीत.

या रोगास आपल्याकडे इसब म्हणतात. परंतु इसब, नायटा, गजकर्ण, खरूज ही नावे आपण इतक्या सैलपणे वापरतो की कोणते नाव कोणत्या रोगाचे याचा आपल्याला पत्ताच नसतो. आणि नावाचा घोळ म्हणजे पुढे इलाजाचाही घोळ. आमच्या घरी तीन वर्षे हा घोळ चालला. कोणी रक्त बिघडले म्हणून सांगितले, कोणी अंगात उष्णता फार आहे म्हणून वांगे, अंडे, दही आणि गूळ बंद करविला, आणि सुज्ञ म्हणविणाऱ्या एका शेजाऱ्यांनी तर मुलाला रोज दोन वेळा औषधी साबणाने खसखसून आंघोळ घालण्याची तजवीज केली, जिच्यामुळे तो दर आंघोळीनंतर तासभर तळमळत असे. आज हे सर्व आठवून लिहितो आहे ते अशाकरिता की, जे आम्हांस फार उशिरा आणि त्या लेकराच्या जिवावर कळले ते दुसऱ्या एखाद्या घरी थोडे आधी कळावे.

खाज ही संवेदना भाषेच्या दृष्टीने मोठी दुर्दैवी आहे. वेदनेला आपण मान देतो. ती सोसणाऱ्याविषयी करुणा वाटते, त्याच्याशी हलक्या आवाजात बोलले जाते. खाजेचा मात्र बोलण्यात उपहास होतो, तिचा उपयोग शिवीसारखा होतो, आणि चारचौघांत खाजविणाऱ्या माणसापासून लोक अर्धा हात सरकून बसतात. वस्तुतः झोप हिरावून घेण्यात ती वेदनेपेक्षा तसूभरही कमी नाही. जर्मन वैद्य सॅम्युएल हाफेनरेफर याने १६६० साली कंडूची व्याख्या तिच्यामुळे उत्पन्न होणाऱ्या खाजविण्याच्या इच्छेवरून केली, आणि साडेतीनशे वर्षांत तीहून नेमकी व्याख्या कोणाला सुचलेली नाही. वेदना झाली की हात मागे येतो, आणि कंड सुटला की हात तिकडे धावतो, एवढा मूलभूत भेद या दोहोंत आहे. बराच काळ शास्त्रज्ञांचा समज असा होता की खाज म्हणजे सौम्य रूपातील वेदनाच होय. परंतु १९९७ साली युरोपातील संशोधकांनी माणसाच्या त्वचेत असे अतिसूक्ष्म मज्जातंतू दाखवून दिले की जे खाजेचा निरोप वाहून नेतात. हा निरोप सेकंदाला सुमारे अर्धा मीटर एवढ्या मंद गतीने मेंदूकडे जातो.

मंद असला तरी हा निरोप परतविता येत नाही. नखाने ओरबाडले की त्या जागी किंचित वेदना होते, ती वेदना मज्जारज्जूत खाजेला क्षणभर दडपून टाकते, आणि त्या क्षणभराच्या सुखासाठी माणूस कातडी सोलून काढतो. परंतु सोललेल्या कातडीतून जी द्रव्ये पाझरतात तीच त्या तंतूंना पुन्हा चेतवितात आणि खाज दुप्पट वेगाने परत येते. असे महिनोन् महिने चालले म्हणजे ती जागा जाड, काळपट आणि खरखरीत होते, तिच्यावरील रेघा झाडाच्या सालीवरील भेगांसारख्या उमटतात. माझ्या पुतण्याच्या घोट्यावर असा रुपयाएवढा चट्टा होता. त्यावर बोट फिरविले तर कातडीऐवजी चपलेचा तळवा हाताला लागावा तसे वाटे. "खाजवू नकोस" ही आज्ञा आम्ही त्याला दिवसातून किमान पन्नास वेळा देत असू. ही आज्ञा म्हणजे धूर डोळ्यांत गेलेल्याला पाणी येऊ देऊ नकोस असे बजावण्यासारखे होते, हे आता कळते आणि त्या प्रत्येक वेळेची लाज वाटते.

जिल्ह्याच्या गावी ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे आम्ही अखेर पोहोचलो त्यांनी मुलाला तपासण्यापूर्वी वहिनींना पिशवी उघडावयास सांगितली, आणि घरात असतील तेवढी सर्व मलमे, साबण आणि तेले टेबलावर मांडून घेतली. त्यांत एका औषधविक्रेत्याने चिठ्ठीवाचून दिलेल्या मलमाच्या चार रिकाम्या नळ्या होत्या. ते मलम प्रथम लावले तेव्हा तीन दिवसांत चमत्कार झाला होता, आणि त्या चमत्कारावर विश्वसून आम्ही ते आठ महिने, मन मानेल तेव्हा, गालांवरसुद्धा लावीत होतो. बाईंनी नळीवरील बारीक अक्षरे वाचून दाखविली: एक जहाल स्टेरॉइड, एक बुरशीनाशक आणि एक जंतुनाशक, असे तिन्ही त्यात कालविलेले होते. मुलाच्या गालाची कातडी पातळ होऊन तिच्यातून तांबड्या शिरांचे जाळे दिसू लागले होते ते कशामुळे, याचा उलगडा त्या वेळी झाला. त्या आम्हांवर रागावल्या नाहीत. आम्ही मात्र मान वर करू शकलो नाही.

मग त्यांनी एका कागदावर मुलाच्या त्वचेचे चित्र काढून जे समजावले ते माझ्यासारख्या कोकणात वाढलेल्या माणसास चटकन उमजले. त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे मृत, चपट्या पेशींची एकीवर एक चढविलेली रचना. कौलारू छपरावर जशी कौले एकमेकांवर थोडथोडी येतात तशीच ती. या पेशींच्या सांध्यांत स्निग्ध द्रव्ये भरलेली असतात, आणि या दोहोंच्या बळावर आतले पाणी आत राहते व बाहेरचा उपद्रव बाहेर. हा थर बांधण्यास लागणारे एक प्रथिन आहे, त्याचे नाव फिलॅग्रिन. त्या प्रथिनाच्या जनुकात दोष असला तर माणूस जन्मतःच या रोगाकडे झुकलेला असतो, ही गोष्ट २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील आयर्विन मॅक्लिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केली. सर्वच रोग्यांत हा दोष सापडत नाही, तथापि ज्याच्या छपराची कौलेच पातळ निघाली त्याच्या घरात पाणी गळणार, हे तत्त्व बहुतेकांस लागू पडते. गळक्या छपरातून पाणी उडून जाते म्हणून त्वचा कोरडी पडते. धूळ, साबण, लोकर, घाम हे आत शिरतात म्हणून शरीराचे रक्षक नको तितके सावध होऊन दाह माजवितात. आणि त्या दाहाच्या भूमीवर स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू ठाण मांडून बसतात. दम्याशी आणि वारंवार शिंका येणाऱ्या सर्दीशी या रोगाचे नाते आहे. अमेरिकेतील कोका व कुक यांनी १९२३ साली या साऱ्या प्रवृत्तीला 'अ‍ॅटोपी' असे ग्रीक नाव दिले, ज्याचा भाव काहीतरी विपरीत, चमत्कारिक असा आहे. आणि दहा वर्षांनी वाइज व सुल्झबर्गर यांनी त्यावरून या इसबाचे बारसे केले. आमच्या घरी माझ्या वडिलांना दमा होता. आजोबांच्या दम्याचा आणि नातवाच्या कोपराच्या घडीचा काही संबंध असेल असे तोवर कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

कोकणात मृग लागण्यापूर्वी प्रत्येक कौलारू घर शाकारावे लागते. फुटकी कौले काढून नवी बसवावयाची, सरकलेली सारखी करावयाची. एकदा शाकारले म्हणजे घर कायमचे बरे झाले असे कोणी म्हणत नाही, आणि पुढील वर्षी पुन्हा शाकारावे लागले म्हणून गवंड्यावर फिर्यादही करीत नाही. इसबाच्या बाबतीत मात्र आम्हांला मुळासकट बरे करून देणारा माणूस हवा होता, आणि तसे वचन देणारा भेटला की आम्ही त्याच्या दारी जात असू. बाई म्हणाल्या, "मी याला बरा करीन असे म्हणणार नाही. याला झोप मिळेल, शाळा चुकणार नाही, एवढे पाहू. मोठा होईल तसे बहुधा कमी होत जाईल. पुष्कळ मुलांचे होते." या साध्या वाक्यांनी आमच्या तीन वर्षांच्या भटकंतीचा निकाल लागला.

तरी इलाजापूर्वी निदान, हा शिरस्ता मोडता कामा नये. खाज इसबाखेरीज इतर अनेक कारणांनी सुटते. घरातील दोघा-तिघांना एकाच वेळी, विशेषतः रात्री, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर आणि बेंबीभोवती कंड सुटत असेल तर ती बहुधा खरूज असते. तिचे कारण त्वचेत बिळे करणारा एक सूक्ष्म परजीवी, आणि तिचा उपाय घरातील सर्वांनी एकाच दिवशी करावयाचा असतो, नाहीतर ती एकाकडून दुसऱ्याकडे फेऱ्या घालीत राहते. कडेला उंच आणि मध्ये निवळलेले असे वाटोळे चकंदळ जांघेत, कमरेवर पसरत असेल तर ते बुरशीचे गजकर्ण. त्यावर स्टेरॉइड लावले की लाली आणि खाज दबते पण बुरशी मोकाट वाढते. आज आपल्या देशात हट्टी गजकर्णाची जी साथ सर्वत्र दिसते तिच्यामागे दुकानातून सहज मिळणाऱ्या मिश्र मलमांचा मोठा हात आहे, असे त्वचारोगतज्ज्ञ कंठशोष करून सांगत आले आहेत. अंगावर पुरळ नसताना सर्वांगाला कंड सुटत असेल तर यकृत, मूत्रपिंडे, थायरॉइड आणि रक्तातील लोह यांची तपासणी करणे अगत्याचे आहे. इसब स्पर्शाने पसरत नाही, खरूज आणि गजकर्ण पसरतात. एवढा एक भेद शाळेतील गुरुजनांना माहीत असता तर माझ्या पुतण्याला एक वर्ष शेवटच्या बाकावर एकट्याने बसावे लागले नसते.

इसबाचा दुसरा एक मोठा प्रकार असा आहे की ज्यात दोष बाहेरून स्पर्शणाऱ्या वस्तूचा असतो, आणि येथे आपल्या स्वयंपाकघराचा, शेतीचा व बाजाराचा संबंध येतो. एखाद्या गृहिणीच्या डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मध्यमा या तीनच बोटांची टोके तडकलेली, सोललेली दिसली तर अनुभवी वैद्य प्रथम लसणाविषयी विचारतो. कारण उजव्या हातात विळी-सुरीचे काम, आणि लसणाची पाकळी धरावयाची ती डाव्या हाताच्या या तीन बोटांत. नकली दागिन्यांतील व पट्ट्याच्या बक्कलातील निकेल, केसांच्या कलपातील रंगद्रव्य, टिकलीमागील डिंक, गवंड्याच्या हाताला लागणारे सिमेंट ही त्याच यादीतील नावे. काजूच्या बोंडूखालील बीच्या टरफलात जे तेल असते ते कातडी भाजून काढते, म्हणून कोकणात आणि गोव्यात काजू सोलणाऱ्या स्त्रिया हाताला तेल किंवा राख लावून बसतात. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उतला म्हणजे काय होते हे आपल्या आजीला विचारले तर ती अंगावर शहारे आणून सांगेल. परीट कपड्यावर खूण करण्यासाठी बिब्ब्याचा रस वापरीत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर नेमक्या त्या खुणेच्या जागी इसब उठू लागले तेव्हा त्यांच्या लष्करी डॉक्टरांनी १९४३ साली या प्रकाराची नोंद केली.

परंतु महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत दुःखाची कहाणी गाजर गवताची आहे. मूळचे अमेरिका खंडातले हे तण, ज्याची पाने गाजराच्या पानांसारखी आणि फुले पांढऱ्या टिकल्यांसारखी असतात, तिकडून आलेल्या धान्याबरोबर आपल्याकडे आले असे मानले जाते. ते पुण्यात आढळल्याची शास्त्रीय नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली, आणि त्यानंतर पंधरा-वीस वर्षांत बांध, पडीक जमिनी, रेल्वेचे रूळ आणि शहरातील मोकळे भूखंड यांवर त्याचा अंमल बसला. मागोमाग पुण्याच्या परिसरातील शेतकऱ्यांना एक चमत्कारिक व्याधी जडू लागली: पापण्या सुजलेल्या, चेहरा व मान काळवंडून जाड झालेली, कोपरांच्या घड्या चिरलेल्या, आणि कंड असा की माणसास मरण बरे वाटावे. या रोगाचे कारण गाजर गवत होय, असे प्रतिपादणारा निबंध लोणकर व त्यांच्या दोघा परदेशी सहकाऱ्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. या गवतातील पार्थेनिन नावाचे द्रव्य वाळलेल्या पानाफुलांच्या भुकटीसह हवेत उडते, त्यामुळे ज्याने आयुष्यात कधी ते उपटले नाही त्यालाही ते बाधते. त्याच्याच कुळातली म्हणून शेवंती हीदेखील अशा रोग्यास सोसेनाशी होते. जिच्या शेवंतीच्या वाफ्यांवर कुटुंबाचे पोट चालते त्या बाईने हे निदान ऐकून काय करावे? मेक्सिकोतून आणलेला, या गवतावर उपजीविका करणारा भुंगेरा १९८४ साली बंगळूर येथे सोडण्यात आला आणि पुढे तो दूरवर पसरला. त्याने काही ठिकाणी पुष्कळ गवत फस्त केले, पण दर पावसाळ्यात ते पुन्हा डोके वर काढतेच. बाधा झालेल्या माणसाने ते स्वतः उपटू नये, फुलावर येण्यापूर्वी दुसऱ्याकडून हातमोजे घालून उपटवून घ्यावे, आणि उपटलेले जाळू नये, कारण धुराबरोबर उडणारे कणही त्रास देतात. असा रोगी खडीसाखरेइतके स्टेरॉइड रोज गिळून पुढे हाडे ठिसूळ करून घेतो असे खेड्यांतून पाहावयास मिळते. त्याऐवजी देखरेखीखाली देता येणारी दुसरी औषधे आहेत, आणि ती सरकारी रुग्णालयांतील त्वचारोग विभागात विचारली पाहिजेत.

आता पुन्हा आमच्या घराकडे येतो. बाईंनी घालून दिलेल्या शाकारणीत पहिले काम आंघोळीचे होते. पाणी कोमट, वेळ पाच ते दहा मिनिटे, आणि आपला वडीसाबण बंद. कारण निरोगी त्वचा किंचित आम्ल असते आणि असा साबण तिच्या मानाने फार क्षारयुक्त, म्हणून तो सांध्यांतील उरलासुरला स्निग्धांश धुऊन नेतो. अंग पुसावयाचे ते घासून नव्हे, जुन्या मऊ पंचाने टिपून. आणि ते पुरते कोरडे होण्यापूर्वीच त्यावर साधे, बिनसुगंधी, घट्ट मलम किंवा पेट्रोलियम जेली चोपडावयाची. हे मलम म्हणजे औषध नव्हे, गिलावा. खाज असो वा नसो, ते दिवसातून दोनदा लावावयाचे, आणि लहान मुलालासुद्धा ते आठवड्यास भरपूर खर्च झाले पाहिजे. आम्ही पूर्वी तीस ग्रॅमची नळी दोन महिने पुरवीत होतो! महागडे नाव असलेलेच घ्यावे असे नाही. खोबरेल तेलही बहुतेकांना चालते, मोहरीचे मात्र त्वचेच्या या थराला अपाय करते.

दुसरे काम औषधी मलमाचे. स्टेरॉइड हा शब्द ऐकताच वहिनींचा हात थरथरू लागला, आणि आमच्या अनुभवानंतर ते साहजिक होते. वास्तविक १९५२ साली सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिझोन त्वचेवर लावून दाखविले तोवर या रोग्यांच्या हाती डांबर, पट्ट्या आणि सोशिकता याखेरीज फारसे काही नव्हते. ज्या सुल्झबर्गरने या इसबाचे नाव ठेवले त्यानेच त्याचा पहिला खरा इलाजही दिला, ही गोष्ट मला मोठी हृद्य वाटते. औषध तेच असते. किती जहाल, कोणत्या जागी, किती दिवस आणि किती प्रमाणात, या चार प्रश्नांची उत्तरे ठरवून लावले तर ते उपकारक, आणि न ठरविता लावले तर अपकारक. प्रमाणासाठी बाईंनी एक माप शिकविले, जे १९९१ साली दोघा ब्रिटिश डॉक्टरांनी रूढ केले: प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, प्रौढाच्या दोन तळहातांएवढ्या जागेस पुरते. तळहात म्हणजे बोटांसह. वहिनींनी त्याच दिवशी आपल्या बोटावर रेघ काढून, मुलाच्या पायावर आपला पंजा दोनदा ठेवून हिशेब केला, आणि भीतीपोटी आपण फारच थोडे लावीत होतो हेही त्यांच्या ध्यानी आले. चट्टा हाताला गुळगुळीत लागेपर्यंत रोज, मग पुष्कळ महिने आठवड्यातून फक्त दोन दिवस त्याच ठरलेल्या जागी, असा क्रम बाईंनी लावून दिला. चेहऱ्यासाठी व पापण्यांसाठी निराळे मलम दिले. ते स्टेरॉइड नव्हे. टॅक्रोलिमस हे त्याचे नाव, आणि जपानमधील त्सुकुबा येथील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून १९८४ साली ते शोधले गेले. त्वचेवर लावण्याच्या स्टेरॉइडांना आपल्या सरकारने २०१८ साली चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांच्या परिशिष्टात घातले आहे. हा हुकूम दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचविण्याचे काम मात्र ग्राहकानेच नकार देऊन केले पाहिजे.

याउपर ज्यांचे भागत नाही त्यांच्यासाठी नियंत्रित अतिनील प्रकाश आहे, सायक्लोस्पोरिनसारखी गोळ्यांची औषधे आहेत, आणि २०१७ पासून डुपिलुमॅब हे टोचावयाचे औषध आहे, जे दाहाचा निरोप देणाऱ्या दोन द्रव्यांची वाट अडवते. ते अजून सामान्य माणसाच्या आवाक्यापलीकडे महाग आहे. पित्त उठल्यावर ज्या गोळ्या देतात त्या या खाजेवर फारशा चालत नाहीत, कारण हिची सूत्रे हिस्टामीनखेरीज इतर द्रव्यांच्या हाती आहेत.

आयुर्वेदाविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. चरकसंहितेत कंडूघ्न अशा दहा द्रव्यांचा एक गणच सांगितला आहे, त्यात चंदन, निंब, कुटज, करंज, दारुहळद आहेत. विचर्चिका या नावाने वर्णिलेली व्याधी आजच्या इसबाशी पुष्कळ जुळते. या परंपरेविषयी मला आदर आहे. परंतु चिघळलेल्या जखमेवर कडुलिंबाचा पाला वाटून थापणे म्हणजे चरक नव्हे, आणि 'शुद्ध वनस्पतिजन्य' अशी चिठ्ठी लावलेल्या बिननावाच्या डबीत स्टेरॉइड निघाल्याचे प्रसंग थोडे नाहीत. पथ्याचेही तसेच आहे: एखादा पदार्थ खाल्ल्यावर थोड्याच वेळात त्रास होतो असे पुनःपुन्हा दिसले तर तो वैद्याच्या सल्ल्याने तपासावा, पण वाढत्या मुलाचे अंडे, दूध आणि डाळ केवळ ऐकीव गोष्टींवर तोडू नये. आमच्या मुलाचे वजन त्या तीन वर्षांत जेमतेम वाढले होते. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की इसबावर अचानक दुखणारे, पाण्याने भरलेले, एकसारखे बारीक फोड पुंजक्यांनी उठले आणि ताप आला, तर सकाळची वाट पाहू नये; त्या वेळी नागिणीच्या गोतावळ्यातील विषाणूने त्वचेत प्रवेश केलेला असण्याचा संभव असतो, आणि डोळ्याजवळ असेल तर दृष्टीलाही धोका असतो.

रात्रीचा बंदोबस्त वहिनींनी स्वतः केला. संध्याकाळनंतर अंगाची उष्णता बदलते, दिवसाचे खेळ संपून लक्ष दुसरीकडे नसते, म्हणून खाज तेव्हाच जोर करते. त्यांनी माझ्या वडिलांच्या जीर्ण धोतराच्या पिशव्या शिवून त्या मुलाच्या हातांना बांधल्या; लोकरीचे पांघरूण काढून जुन्या लुगड्याची गोधडी घातली; नखे दर रविवारी काचेसारखी गुळगुळीत घासून ठेवली; आणि उशाशी एका वाटीत गार पाण्यात भिजविलेले फडके ठेवले. "खाजवू नकोस" हे वाक्य घरातून हद्दपार झाले. त्याऐवजी "फडके दाबून धर" असे म्हणावयाचे ठरले, कारण हाताला करावयास काही दिले तरच तो हात थांबतो.

याशिवाय त्यांनी एक चोपडी घातली. किराण्याच्या हिशेबाची ती वही उलट्या बाजूने सुरू केलेली आहे, आणि तपासणीच्या दिवशी बाई ती औषधाच्या चिठ्ठीइतक्याच आस्थेने वाचतात. लोकरी स्वेटर, घामाचे दिवस, परीक्षेचा आठवडा आणि घराला रंग देण्याचे काम यांच्या पाठोपाठ खाज वाढते हे त्या नोंदींवरूनच उमगले. गेल्या दिवाळीनंतर मी ती सहज चाळली. मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. घोट्यावरचा चट्टा अजून आहे, पण मऊ झाला आहे. शेवटच्या लिहिलेल्या पानावर वहिनींच्या अक्षरात असा मजकूर होता:

"नरकचतुर्दशी. अभ्यंगाला खोबरेल लावले. उटणे सर्वांना, याला नाही, रुसला. फटाक्यांच्या धुरात तासभर होता. रात्री एकदा उठला, मान. फडके दिले. साडेतीनपर्यंत झोपला, मग सहापर्यंत. मलम दोन पेरे."